भाविक येतात, प्रवासी थांबत नाहीत: नांदेड-लातूरच्या वारशाचा आढावा

अमृतसरहून निघालेली सचखंड एक्स्प्रेस दोन हजारांवर किलोमीटर अंतर कापून नांदेडला पोचते. वाटेतल्या अनेक स्थानकांवर सेवेकरी डब्याडब्यांत लंगर वाढतात, त्यामुळे शिदोरी न बांधता निघालेलाही उपाशी राहत नाही. नांदेडला उतरलेला यात्रेकरू तख्त सचखंड हुजूर साहिबचे दर्शन घेतो, नगीना घाट, बंदा घाट, माळ टेकडी करतो, जमलेच तर बिदरला नानक झिऱ्यावर जाऊन येतो आणि परतीची गाडी धरतो. तिथून पन्नासेक किलोमीटरवर कंधार आहे. एके काळी निम्म्याहून अधिक दख्खन ज्यांच्या ताब्यात होती त्या राजांनी बांधलेला तलाव तिथे आजही पाणी धरून आहे. त्या रस्त्याला लागणारा यात्रेकरू विरळाच.

लातूरला गर्दी होते ती वेगळ्या कारणाने. दहावी झाली की राज्यभरातून हजारो मुले शिकवण्यांसाठी या शहरात येतात आणि दोन-तीन वर्षे भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांचे आईवडील महिन्या-दोन महिन्यांनी भेटीला येतात. वीस किलोमीटरवर औशाचा किल्ला आहे, त्याच्यापुढे खरोशाची लेणी आहेत. पण डबा, खोली आणि परीक्षेच्या धबडग्यात ही नावे त्यांच्या कानांवरही पडत नाहीत.

म्हणजे या दोन जिल्ह्यांना पाहुण्यांची वाण नाही. त्यांना आणखी एक दिवस ठेवून घेणारे मात्र कोणी नाही. इथे पाहण्यासारखे काय, असे विचारले की उत्तर देवस्थानांच्या यादीपाशी थांबते आणि बाकीचे सगळे ‘जुने दगड’ या एका सदरात जाते. खरे तर इथली लेणी, मंदिरे, भुईकोट, धबधबे आणि यात्रा ही एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यांना गुंफणारा धागा पाण्याचा आहे. उत्तरेला पैनगंगा, मधून गोदावरी, दक्षिणेला मांजरा, आणि या मोठ्या नद्यांना मिळणाऱ्या मन्याड, लेंडी, तेरणा, तावरजा. पाणी कमी पडणाऱ्या या मुलखात माणसांनी हजार-बाराशे वर्षे पाणी अडवले, साठवले, पूजले, आणि त्याच्याच काठाने वस्त्या केल्या. सुटी सुटी पाहिली तर ही ठिकाणे नुसते अवशेष वाटतात. पाण्याच्या ओघाने पाहत गेले की त्यांची संगती लागते.

ही संगती लोकांपर्यंत पोचली नाही याला कारणे आहेत. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा सारा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे पुरातत्त्व खाते १९१४मध्ये सुरू झाले आणि गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली त्याने मोलाचे काम केले; पण ते प्रामुख्याने अजिंठा, वेरूळ आणि बिदरवर झाले. कंधार, होट्टल, खरोसा मागेच राहिले. पुढे महाराष्ट्रात आल्यावर आणखी एक अडचण उभी राहिली. मराठी मनातला किल्ला म्हणजे सह्याद्रीच्या कड्यावरचा. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. शिवकाळाच्या दृष्टीने ती निवड योग्यच आहे, पण त्यात मराठवाड्यातला एकही किल्ला नाही. सपाट जमिनीवर उभे राहून, खंदकाच्या जोरावर वेढे झेलणारे भुईकोट आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि सहलींत कायम दुय्यम राहिले.

मुळापासून पाहायचे तर सुरुवात लातूरच्या नावापासून करावी लागते. राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आठव्या शतकाच्या मध्यावर दंतिदुर्गाने बदामीच्या चालुक्यांची सत्ता मोडली. त्याच्यानंतर आलेल्या पहिल्या कृष्णाच्या काळात वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले. अमोघवर्षाने नवव्या शतकात मान्यखेटला, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडला, राजधानी वसवली. नवव्या शतकातले अरब लेखक या घराण्याच्या राजाला ‘बल्हारा’ म्हणत आणि जगातल्या चार थोर राजांत त्याची गणना करत. एवढ्या मोठ्या सत्तेने आपले मूळ गाव म्हणून ज्याचा अभिमान बाळगला त्या लातुरात आज राष्ट्रकूटांची आठवण सांगणारे फारसे काही दिसत नाही. शहरातल्या पापविनाशक मंदिरातला बाराव्या शतकातला शिलालेख त्यानंतरच्या कल्याणी चालुक्यांचा, सोमेश्वर तिसरा याच्या काळचा. त्यात इथे पाचशे विद्वान राहत असल्याचा उल्लेख आहे. शिकवण्यांसाठी राज्यभर नाव झालेल्या शहराने हा लेख चौकात मोठ्या अक्षरांत लावावा इतका तो मोलाचा आहे.

राष्ट्रकूटांची खरी खूण मात्र कंधारला सापडते. तिसरा कृष्ण दहाव्या शतकात ‘कंधारपुरवराधीश्वर’ ही पदवी मिरवत असे. मन्याड नदीच्या खोऱ्यातल्या या गावाशेजारी जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे. समुद्र हा शब्द आज मोठा वाटेल, पण बांध घालून अडवलेल्या पाण्याला असे नाव देण्यामागे राजाचा अभिमान दिसतो. इथे मिळालेल्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखात या तलावाचा, देवळांचा आणि क्षेत्रपालाचा उल्लेख येतो. क्षेत्रपाल म्हणजे गावाच्या शिवेचा राखणदार. त्याच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे कंधारमध्ये सापडले आहेत. पावलाचा आकार पाहिला तरी मूर्ती किती अवाढव्य असेल याची कल्पना येते. अभ्यासकांच्या अंदाजाने ती पन्नास फुटांच्या आसपास असावी. महाराष्ट्रात दुसरीकडे असे काही पाहायला मिळत नाही. परदेशात असते तर या एका पावलासाठी लोकांनी वाट वाकडी केली असती.

कंधारचा भुईकोट किल्ला पुढच्या अनेक राजवटींनी वाढवला. बहामनी, निजामशाही, मोगल, आसफजाही अशा सगळ्यांचे हात त्यावरून फिरले. रुंद खंदक, दुहेरी तटबंदी, आतले महाल आणि हौद तर आहेतच. शिवाय गावात आणि परिसरात सापडलेल्या हिंदू व जैन मूर्तींतल्या अनेक इथे आणून ठेवल्या आहेत. गावातच हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. त्यांच्या उरुसाला सगळ्या जातीधर्मांचे लोक येतात. राष्ट्रकूट क्षेत्रपाल, जैन तीर्थंकर, मुसलमानी महाल आणि सूफी दर्गा हे सारे पायी फिरता येईल एवढ्या अंतरात आहे. या गावात चांगले संग्रहालय नाही याची खंत मराठवाड्याच्या इतिहासावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला वाटत आली आहे.

इथे दूरचे एक उदाहरण उपयोगी पडते. मध्य अमेरिकेत राष्ट्रकूटांच्याच काळात माया लोकांची मोठी शहरे अखेरच्या घटका मोजत होती. ग्वाटेमालाच्या जंगलातले टिकाल हे शहर मोठ्या नदीच्या काठी नव्हते. तिथल्या लोकांनी पावसाचे पाणी फरसबंद चौकांवरून उतरवून दगडी तलावांत साठवले आणि त्यावर हजारोंची वस्ती जगवली. १९७९मध्ये टिकालला जागतिक वारशाचा मान मिळाला तो संस्कृती आणि निसर्ग या दोन्ही निकषांवर. मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ, होंडुरास आणि एल साल्वाडोर या पाच देशांनी पुढे एकत्र येऊन ‘माया जगत’ या एका नावाखाली आपापली ठिकाणे जोडली. त्यामुळे तिथे गेलेला माणूस पिरॅमिड, जंगल, नैसर्गिक विहिरी आणि आजही माया भाषा बोलणारी गावे हे सगळे एकाच ओघात पाहतो. सरहद्दी ओलांडून पाच देशांना जे साधले ते लागून असलेल्या दोन जिल्ह्यांना अवघड जाऊ नये.

राष्ट्रकूटांनंतर आलेल्या कल्याणी चालुक्यांनी या भागाला मंदिरे दिली. गावोगावी त्यांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतात, पण यातली बरीच मंदिरे यादवांच्या प्रधानाच्या दोनशे वर्षे आधीची आहेत. देगलूर तालुक्यातले होट्टल हे त्यांतले सर्वांत देखणे. अकराव्या शतकातल्या सिद्धेश्वर मंदिराच्या बाह्य भिंतींवर सुरसुंदरी उभ्या आहेत: एक आरशात पाहते, एक वाद्य वाजवते, एकीच्या अंगाला लगटून माकड बसलेले. दगड काळा आणि कठीण, तरी दागिन्यांची नक्षी मोजता यावी इतकी स्वच्छ. अलीकडच्या काळात इथे जीर्णोद्धाराचे काम झाले आणि होट्टल महोत्सव भरू लागला. त्या दिवसांत गाव गजबजते. उरलेल्या दिवसांत मंदिर पाहायला आलेल्याला माहिती सांगणारा माणूस भेटेलच याची खात्री नसते.

मुखेडच्या दशरथेश्वर मंदिरात तर सप्तमातृका नाचताना दाखवल्या आहेत. एरवी या देवता एका ओळीत, मांडीवर मूल घेऊन बसलेल्या दिसतात. इथे त्या भिंतीवर सुट्या सुट्या, लयीत पावले टाकत उभ्या आहेत. ज्याला मूर्तिकलेतले काही कळत नाही त्यालाही हा फरक लगेच जाणवतो. निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर तीन गाभाऱ्यांचे, चांदणीसारख्या आराखड्याचे. रेणापूर तालुक्यातल्या पानगावात विठ्ठलाचे प्राचीन मंदिर आहे, आणि त्याच गावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी जपणारे चैत्यस्मारकही. ६ डिसेंबरला मराठवाड्यातून आणि शेजारच्या भागांतून लोक तिथे येतात. एकाच गावात वारकऱ्यांचे आणि भीमसैनिकांचे असे दोन ओघ वाहतात.

या सगळ्या मंदिरांच्या आवारांतले शिलालेख कोणी वाचले? १९६८मध्ये श्रीनिवास रित्ती आणि जी. सी. शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातल्या शिलालेखांचे पुस्तक सिद्ध केले. ते नांदेडच्याच यशवंत महाविद्यालयाने छापले. त्यातले बरेच लेख कन्नडमध्ये आहेत. म्हणजे आज मराठी बोलणाऱ्या या गावांत हजार वर्षांपूर्वी दानपत्रे कन्नडमध्ये कोरली जात होती. सरहद्दीवरच्या माणसाला याचे नवल वाटत नाही. देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा इथल्या बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू आजही एकाच व्यवहारात वापरली जाते. एका जिल्ह्यातल्या महाविद्यालयाने आपल्या भागातले लेख स्वतः गोळा करून छापावेत, ही त्या काळातली मोठीच गोष्ट होती. ते काम पुढे नेण्याची जबाबदारी आता १९९४मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची आहे.

खरोशाची लेणी या सगळ्यांहून जुनी, सहाव्या-सातव्या शतकातली. औसा तालुक्यातल्या एका टेकडीत ती खोदली आहेत. अजिंठा-वेरूळचा कातळ काळा आणि टणक, तर इथला दगड जांभा. तो कोरायला सोपा, टिकायला अवघड. त्यामुळे नरसिंह, गोवर्धन उचलणारा कृष्ण, कैलास हलवणारा रावण, रामकथेतले प्रसंग ओळखू येतात खरे, पण त्यांचे चेहरे झिजून गेले आहेत. शैव आणि वैष्णव शिल्पांबरोबर इथे जैन लेणेही आहे. पावसाचे पाणी जांभ्यात मुरते आणि दगड भुसभुशीत होत जातो. जिल्ह्यातल्या इतर कोणत्याही ठिकाणापेक्षा खरोशाला तातडीच्या काळजीची गरज जास्त आहे. किल्ला आणखी पन्नास वर्षे थांबेल, ही शिल्पे थांबणार नाहीत.

भुईकोटांपैकी औशाचा किल्ला सर्वांत चतुर. तो खोलगट जागी बांधला आहे आणि चहूबाजूंनी चढाची जमीन. आतल्या उंच बुरुजावरून लांबवरचे सैन्य दिसते, पण बाहेरच्याला किल्ल्याचा मोठा भाग दिसतच नाही. भोवती सुमारे १२० फूट रुंद खंदक आहे. मलिक अंबरच्या काळात त्याचे नाव अंबरपूर होते. शाहजहानच्या फौजांनी १६३६मध्ये खानदौरानच्या हाताखाली औसा आणि उदगीर हे दोन्ही किल्ले घेतले, तेव्हा निजामशाहीचा उरलासुरला आधार संपला.

उदगीरचे नाव मराठ्यांच्या इतिहासात ३ फेब्रुवारी १७६०मुळे आले. सदाशिवरावभाऊंनी उदगीर ते औसा या पट्ट्यात निजामाच्या फौजेला कोंडीत पकडले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी तिथे कमाल केली. तहात सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, विजापूर यांसारखे किल्ले मराठ्यांना मिळाले. या विजयाने भाऊंचे नाव एवढे झाले की उत्तरेच्या मोहिमेची सूत्रे त्यांच्याकडे आली. मार्चमध्ये ते परतूरहून निघाले आणि पुढच्या जानेवारीत पानिपत झाले. गारद्याच्या ज्या तोफांवर पानिपतात भरवसा ठेवला गेला त्यांची परीक्षा उदगीरला झाली होती. पानिपतावर मराठीत कादंबऱ्या आल्या, नाटके आली, चित्रपट आले. उदगीरच्या तटावर उभे राहून ही साखळी समजावून घेणारे मात्र थोडे. किल्ल्याच्या आत उदागीर महाराजांची समाधी आहे. गावाचे नाव त्यांच्यावरूनच पडले असे लोक सांगतात. एप्रिल २०२२मध्ये ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरले तेव्हा आलेल्या पाहुण्यांनी किल्ल्यात गर्दी केली होती. एरवी तिथे शांतता असते.

उदगीरजवळ देवर्जन इथे हत्तीबेट आहे. एखादा हत्ती बसलेला असावा तशी खडकाळ टेकडी, तिच्यात कोरलेल्या गुहा, वर गंगाराम महाराजांची समाधी. हैदराबाद मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी या बेटाचा आसरा घेतला होता. चाकूर तालुक्यातले वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी ओळखले जाते. पावसाळा संपता संपता वैदू आणि वनस्पतींचे अभ्यासक तिथे पाला शोधत फिरतात. लातूर जिल्ह्यात जंगल जवळपास नाहीच, म्हणून या छोट्या बेटांचे मोल जास्त.

निसर्गाचे खरे दालन उघडते ते नांदेडच्या उत्तरेला, किनवट आणि माहूर तालुक्यांत. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी धरली की शेते मागे पडत जातात आणि सागाचे जंगल सुरू होते. या मार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानकच आहे. इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या कातळांच्या फटींतून अनेक धारांनी खाली कोसळते. एका तीरावर नांदेड जिल्हा, दुसऱ्या तीरावर यवतमाळ. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी गढूळ आणि रौद्र असते. ऑक्टोबरात धारा निवळतात आणि कातळाचे आकार दिसू लागतात. खडक निसरडा आहे, दरवर्षी कोणी ना कोणी जिवाला मुकतो, तेव्हा कठड्याच्या अलीकडूनच पाहावे. पुढे उनकेश्वरला गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे आहेत. त्वचारोगांवर उतारा म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या इथे स्नानाला येतात. या पट्ट्यात गोंड, कोलाम, आंध या समाजांची गावे आहेत, आणि जंगल कसे पाहावे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

माहूर हे या दोन जिल्ह्यांतले सर्वांत समृद्ध ठिकाण. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या रेणुकेचे ते स्थान. गडावर देवीचा शेंदरी मुखवटा आहे आणि प्रसाद म्हणून विड्याचे पान कुटून केलेला तांबूल मिळतो. समोरच्या शिखरांवर दत्त आणि अनसूया. दत्ताचे जन्मस्थान म्हणून मार्गशीर्ष पौर्णिमेला इथे गर्दी लोटते. मातृतीर्थ तलावावर परशुरामाने आईचे अंत्यविधी केले अशी श्रद्धा आहे. इतके बहुतेक भाविक पाहतात. पण देवळाला लागूनच रामगड हा विस्तीर्ण किल्ला आहे, हत्ती दरवाजा आहे, गावाजवळ पांडवलेणी म्हणून ओळखली जाणारी राष्ट्रकूटकाळातली लेणी आहेत, सोनापीर दर्गा आहे. यादव, गोंड, बहामनी, निजामशाही, मोगल असे सगळे या गडाने पाहिले.

माहूरच्या इतिहासातली लोकांना सर्वांत जवळची वाटावी अशी व्यक्ती म्हणजे रायबागन. माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातली ही सावित्रीबाई. नवऱ्यामागे तिने जहागीर सांभाळली, हातात तलवार घेतली आणि मोगलांकडून रायबागन, म्हणजे वाघीण, हा किताब मिळवला. फेब्रुवारी १६६१मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर ती शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडली, आणि खानाला शरण जाण्याचा सल्ला तिनेच दिला असे सांगतात. शत्रूच्या बाजूची म्हणून तिची कथा बाजूला ठेवणे बरोबर नाही. सतराव्या शतकातल्या मराठवाड्यातली कर्तबगार बाई म्हणून तिला तिच्याच गडावर जागा मिळायला हवी.

नांदेड शहराबद्दल मराठी वाचकाला बरेच ठाऊक असते, तरी थोडे सांगितलेच पाहिजे. १७०८मध्ये गुरू गोविंदसिंग इथे आले, माधोदास बैराग्याला त्यांनी बंदासिंग बहादूर केले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रंथसाहिबाला गुरुपद देऊन ते ज्योतीत विलीन झाले. आजचा गुरुद्वारा १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांच्या पुढाकाराने उभा राहिला. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. दिवाळीच्या आधी इथे तख्तस्नान होते: गोदावरीतून घागरी भरून आणून सचखंड धुतले जाते. होळीनंतरचा हल्ला महल्ला, दसऱ्याची मिरवणूक, घोडे, निहंगांची शस्त्रे ही इथली खासियत. इथले दखनी शीख घरात आणि बाजारात मराठी बोलतात आणि त्यांच्या चालीरीती पंजाबहून काहीशा वेगळ्या आहेत. २००८च्या गुरुतागद्दी सोहळ्याच्या निमित्ताने शहरात रस्ते, पूल, विमानतळ, यात्री निवास झाले. त्या सोहळ्याने एक गोष्ट सिद्ध केली की ठरवले तर या भागात काही वर्षांत सोयी उभ्या राहतात. गोदावरीच्या काठचा नंदगिरी किल्ला मात्र त्या झपाट्यातून बाहेर राहिला.

माणसांमधला वारसा पाहायचा तर मार्गशीर्षाचा शेवट गाठावा. वद्य चतुर्दशीच्या सुमाराला लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, गाढवे, उंट, कुत्री, बैल यांचा बाजार, कुस्त्यांचे फड, लावणी महोत्सव, तमाशाचे तंबू असे सगळे त्या माळावर मावते. वैदू, घिसाडी, गोसावी, मसणजोगी यांसारख्या भटक्या जमाती इथे जमतात; पूर्वी त्यांच्या पंचायती याच यात्रेत बसत. लाल कंधारी आणि देवणी या दोन्ही जातींची जनावरे याच मातीतली, एकीचे नाव कंधारवरून, दुसरीचे देवणीवरून. त्यांचे देखणे वळू इथे पाहायला मिळतात.

लगेच येते वेळ अमावस्या. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या लगतच्या भागात या दिवशी शहरे ओस पडतात आणि सगळे शेतात जातात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. ज्याच्याकडे शेत नाही त्याला कोणीतरी हमखास आवतण देते. ही भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे. हिरवे दाणे आणि भाज्या बेसनात शिजवून केलेला दाटसर पदार्थ असतो तो. बाहेरच्या माणसाने त्या एका दिवसासाठी यावे. आणि जमल्यास औसा तालुक्यातल्या उजनीची बासुंदी खावी, पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ घेऊन जावी. या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

या भूमीचा आढावा घेताना ३० सप्टेंबर १९९३ची पहाट टाळता येत नाही. किल्लारीच्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसे गेली. जुन्या गावठाणांचे ढिगारे, नव्या जागी आखलेली गावे, स्मारक हे पाहायला जाणाऱ्याने आवाज आणि मोबाईल दोन्ही खाली ठेवून जावे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेही याच कथेतले एक पान आहे. हजार वर्षांपूर्वी तलावाला समुद्र म्हणणाऱ्या मुलखात पाण्याची गाडी यावी, यावर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत बोलले गेले पाहिजे. दुसऱ्या बाजूला नांदेडजवळचा विष्णुपुरी प्रकल्प हे उपसा सिंचनाचे मोठे काम याच गोदावरीवर उभे आहे.

काय करावे याची चर्चा बहुतेक वेळा महामार्गापाशी सुरू होते. प्रस्तावित शक्तिपीठ महामार्ग माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर जोडणार आहे. त्याच्या भूसंपादनाला अनेक ठिकाणी शेतकऱ्यांचा विरोध आहे. रस्ते हवेतच, पण वेगाने पुढे नेणारा रस्ता मधल्या कंधार-होट्टलला काय देणार, हा प्रश्न आधी विचारायला हवा. त्या मानाने स्वस्त आणि तातडीची कामे बरीच आहेत. मराठी, हिंदी, पंजाबी आणि कन्नड अशा चार भाषांतले फलक. प्रत्येक ठिकाणी स्वच्छ स्वच्छतागृह, विशेषतः बायकांसाठी. कंधारच्या मूर्ती कंधारमध्येच ठेवणारे संग्रहालय. खरोशाच्या टेकडीवरून उतरणारे पाणी वळवणाऱ्या चऱ्या. गावातल्या पदवीधर तरुणांना शिकवून मार्गदर्शक म्हणून परवाने. गुरुद्वाराच्या यात्री निवासातून सकाळी निघून कंधार-होट्टल दाखवून संध्याकाळी परतणारी एसटी. जीर्णोद्धाराच्या नावाखाली सिमेंट, ऑइलपेंट आणि फरशी मात्र अजिबात नको. अनेक गावांत देवळावर श्रद्धेने रंग दिला गेला आणि हजार वर्षांची नक्षी बुजली. शेजारच्या परभणी जिल्ह्यात वालूरच्या लोकांनी गाळाने भरलेली जुनी बारव श्रमदानाने मोकळी केली, हे उदाहरण डोळ्यांसमोर आहे.

तोवर ज्याला स्वतः जायचे आहे त्याने पाच-सहा दिवस काढावेत. लातूरला गंजगोलाईत सकाळ घालवावी: सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात त्या गोल बाजारपेठेच्या मध्यावर जगदंबेचे देऊळ आहे. मग सिद्धेश्वर, पापविनाशक आणि दुपारनंतर औसा. दुसऱ्या दिवशी लवकर निघून खरोसा आणि निलंगा, मुक्काम उदगीरला. तिसऱ्या दिवशी उदगीरचा किल्ला पाहून देगलूरमार्गे होट्टल, तिथून मुखेड, रात्री कंधार किंवा सरळ नांदेड. चौथा दिवस कंधार आणि नांदेडचा वाटून घ्यावा. गुरुद्वारात संध्याकाळच्या आरतीला पोचावे आणि लंगरमध्ये जेवावे. पाचव्या दिवशी सहस्रकुंड करून माहूर. पावसाळा सरताना निघाले तर धबधबा भरलेला मिळतो, डिसेंबरच्या सुमारास निघाले तर माळेगावची यात्रा. मार्च ते मे या महिन्यांत किल्ले सकाळी दहाच्या आत पाहून घ्यावेत. इथले ऊन कोणाला सोडत नाही. माहूरच्या तिन्ही शिखरांवर चढउतार आहे, आणि रामगड व पांडवलेणी धरून तिथे एक पूर्ण दिवस लागतो, म्हणून रात्रीचा मुक्काम तिथेच ठेवून सहावा दिवस माहूरला द्यावा.